युद्धनिर्वासितांसाठीच्या व्हिसा योजनांवरची संसदीय देखरेख

परदेशात युद्ध पेटलं की तिथून जीव मुठीत धरून निघालेल्या लोकांसाठी सरकारं घाईघाईत खास व्हिसा, फी माफी, नातेवाईकांना बोलावून घ्यायच्या योजना, तात्पुरते परवाने असं काय काय काढतात, आणि हे बहुतेक वेळा मंत्र्याच्या सहीने होतं, कायदा पास करून नाही. त्या सहीचा हिशोब संसदेने मागायचा, क्वचित आधी आणि बऱ्याचदा नंतर, त्याला इथे संसदीय देखरेख म्हटलंय. निर्वासितांबद्दलच्या १९५१ च्या जिनिव्हा करारापासून हा विषय थोडा वेगळा धरावा लागतो. त्या करारात धर्म, वंश, राजकीय मत अशा कुठल्यातरी कारणाने आपला छळ होईल ही भीती दाखवावी लागते, नुसते गावावर बॉम्ब पडतायत एवढ्याने भागत नाही. मग जे त्या व्याख्येत बसत नाहीत त्यांचं काय, हे मंत्र्याच्या विवेकाधिकारावर येतं, आणि देखरेखीचा प्रश्न खरा तिथेच सुरू होतो.

उगम

सुरुवात कुठून धरायची यावर वाद आहे. १७११, १७९३ आणि १९७१ अशी तीन सालं पुढे येतात, तिन्ही ब्रिटनमधली, आणि प्रत्येकामागे "देखरेख" या शब्दाचा वेगळा अर्थ आहे.

१७११ ची गोष्ट अशी. ऱ्हाइन नदीकाठच्या पॅलाटिनेट भागात स्पॅनिश वारसा युद्धाने आणि १७०९ च्या भयंकर हिवाळ्याने लोक उघड्यावर आले होते. त्याच सुमाराला ब्रिटिश संसदेने परदेशी प्रोटेस्टंटांना शपथ घेऊन, एक शिलिंग भरून नागरिकत्व द्यायचा कायदा केला होता (जुन्या ग्रंथांत या कायद्याचं साल १७०८ दिसतं आणि नव्यांत १७०९, कारण तेव्हा तिकडे वर्ष २५ मार्चला बदलायचं आणि कायद्याला मंजुरी त्याच्या जेमतेम आधी मिळाली, म्हणून दोन्ही सालं आपापल्या जागी बरोबर आहेत). १७०९ च्या उन्हाळ्यात सुमारे १३,००० पॅलाटिन लोक लंडनला येऊन थडकले, ब्लॅकहीथच्या माळावर तंबू पडले, राणी अ‍ॅनच्या नावाने चर्चमधून वर्गणी गोळा झाली. पुढे काहींना आयर्लंडला, काहींना न्यूयॉर्कला पाठवलं आणि बऱ्याच जणांना, विशेषतः कॅथलिकांना, परत धाडलं. १७१० च्या निवडणुकीत टोरी पक्ष जिंकला आणि १७११ मध्ये हाउस ऑफ कॉमन्सच्या, म्हणजे संसदेच्या कनिष्ठ सभागृहाच्या, कमिटीने चौकशी लावली की या लोकांना बोलावलं कोणी, कोणाच्या भरवशावर ते आले आणि सरकारी पैसा कुठे गेला. सभागृहाने तो खर्च म्हणजे जनतेच्या पैशाचा गैरवापर असं ठरवलं आणि १७१२ च्या सुरुवातीला तो कायदाच रद्द झाला.

याला उगम मानायला हरकत घेणारे म्हणतात की हे पॅलाटिन लोक युद्धनिर्वासित कमी आणि अमेरिकेत जमीन मिळेल या आशेने निघालेले गरीब शेतकरी जास्त होते. ते बरंचसं खरंय, पण भूक आणि युद्ध यांची अशी वाटणी आजही कुठल्या अधिकाऱ्याला नीट जमत नाही. शिवाय कमिटीने विचारलेले तीन प्रश्न, कोणी बोलावलं, कशाच्या आधारावर, किती खर्च, हे आजच्या समित्यांच्या प्रश्नांशी इतके जुळतात की प्रस्तुत नोंदीत १७११ लाच झुकतं माप दिलंय. एक गोष्ट मात्र तेव्हापासूनच दिसते, की देखरेख म्हणजे निर्वासितांच्या बाजूने बोलणं असं काही ठरलेलं नाही, ती पहिली मोठी चौकशी तर त्यांच्या विरोधातच होती.

१७९३ चं मत परकीय नागरिक कायद्यावर उभं आहे. फ्रेंच राज्यक्रांतीतून पळून आलेल्यांची बंदरावर नोंद, प्रवासासाठी परवाना, हद्दपारीचे अधिकार असं सगळं त्यात होतं. त्याच्या चर्चेत खासदार एडमंड बर्कने २८ डिसेंबर १७९२ ला सभागृहात खंजीर फेकला, म्हणून हा कायदा सगळ्यांच्या लक्षात राहतो. कायदा मुदतीचा होता, वाढवायचा तर परत संसदेपुढे यावं लागे, आणि हे मत मांडणाऱ्यांना मुद्दा तोच वाटतो. पण त्या चर्चांत आलेल्यांची सोय हा विषय नव्हता, हेर कोण आणि बंडखोर कोण हा होता.

मुदतीचीच युक्ती पुढे परत दिसते. ५ ऑगस्ट १९१४ ला, ब्रिटन युद्धात उतरल्याच्या दुसऱ्याच दिवशी, परकीयांवर निर्बंध घालायचा कायदा एका दिवसात सगळे टप्पे पार करून पास झाला. १९१९ मध्ये ते अधिकार शांततेच्या काळातही चालू ठेवले, पण एकेक वर्षाने, आणि हे वर्षा-वर्षाचं नूतनीकरण १९७१ च्या इमिग्रेशन कायद्यापर्यंत चाललं. म्हणजे अर्धशतक खासदारांना दरवर्षी या विषयावर उभं राहायची एक हक्काची संधी होती, भले ती बहुतेकदा मुकाट्याने निघून गेली असेल. २१ नोव्हेंबर १९३८ ची निर्वासितांवरची चर्चा, खासदार फिलिप नोएल-बेकर यांनी मांडलेली, ही त्या काळातली सगळ्यात परिणामकारक म्हणता येईल. गृहमंत्री सॅम्युअल होअर यांनी नाझी राजवटीतून सुटू पाहणाऱ्या, मुख्यतः ज्यू मुलांना प्रवेश देण्याची भूमिका सभागृहात मांडली, आणि २ डिसेंबरला पहिली सुमारे २०० मुलं हारविच बंदरात उतरली. प्रत्येकाकडे पासपोर्ट-व्हिसाऐवजी एक साधं ओळखपत्र होतं. अशी जवळपास १०,००० मुलं आली, आणि त्यासाठी नवा कायदा लागला नाही.

पटलावर ठेवलेला कागद

१९७१ चं मत तांत्रिक आहे, पण सध्याची सगळी यंत्रणा त्यातूनच निघते म्हणून थोडं सविस्तर. ब्रिटनच्या १९७१ च्या कायद्यात कलम ३(२) असं आहे की गृहमंत्र्याने इमिग्रेशनचे नियम आणि त्यातले बदल संसदेच्या पटलावर ठेवायचे आणि कुठल्याही एका सभागृहाने ४० दिवसांत नापसंतीचा ठराव केला तर मंत्र्याने ते सुधारायचे. मंजुरी लागत नाही, फक्त नापसंती चालते, आणि एखाद्या वाक्यात बदल सुचवायची सोय नाही, घ्या नाहीतर सोडा. बदल पटलावर ठेवल्यापासून लागू होईपर्यंत २१ दिवस जाऊ द्यायचे असा रिवाज आहे, पण तो रिवाजच.

हे हत्यार अगदी बोथट आहे असंही नाही. २२ नोव्हेंबर १९७२ ला हीथ सरकारचे नवे नियम कॉमन्सने २७५ विरुद्ध २४० मतांनी उडवले, सरकारला जानेवारी १९७३ मध्ये दुसरे आणावे लागले. डिसेंबर १९८२ मध्ये थॅचर सरकारवरही हीच वेळ आली. दोन्ही वेळा वाद युद्धनिर्वासितांवरून नव्हता, पहिल्यांदा युरोपीय आणि राष्ट्रकुलातले नागरिक यांच्यातल्या भेदावरून आणि दुसऱ्यांदा परदेशी नवऱ्यांच्या प्रवेशावरून होता, आणि दोन्ही वेळा सत्ताधारी बाकांवरचेच लोक फुटले होते. २०१२ मध्ये अल्वी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक पाचर मारली: ज्यावर अर्ज फेटाळला जाऊ शकतो अशी कुठलीही अट नियमाच्याच स्वरूपाची आहे, ती मार्गदर्शक सूचनांत लपवून चालणार नाही, पटलावर ठेवलीच पाहिजे.

पण हे सगळं अटींना लागू. नियमाबाहेर जाऊन दिलेली सवलत पटलावर यायलाच पाहिजे असं नाही, आणि युद्ध आलं की सरकारं नेमक्या त्याच रस्त्याने जातात. घाई खरी असते हे मान्य करावंच लागतं, सीमेवर थंडीत उभ्या असलेल्या बाईला ४० दिवस थांबा म्हणता येत नाही. उलटी घाई मात्र तितकी समजण्यासारखी नाही. ब्रिटनची युक्रेनी कुटुंब योजना ४ मार्च २०२२ ला सुरू झाली आणि १९ फेब्रुवारी २०२४ ला दुपारी ३ वाजता बंद झाली, त्याच दिवशी नियमबदलाचा कागद पटलावर ठेवून. सकाळी ज्यांचा अर्ज अर्धवट भरून झाला होता त्यांना संध्याकाळी तो रस्ताच नव्हता, २१ दिवसांचा रिवाज बाजूला, आणि खासदारांच्या हातात उरलं ते नंतर प्रश्न विचारणं.

कॅनडा

कॅनडात चौकट वेगळी आहे. २००१ च्या इमिग्रेशन कायद्यात २०१० च्या दुरुस्तीने आलेलं कलम २५.२ मंत्र्याला "सार्वजनिक धोरण" म्हणून कुठल्याही गटाला अटींतून सूट द्यायचा अधिकार देतं, आणि त्यासाठी संसदेत काही ठेवून ४० दिवस वाट बघायची भानगड नाही. कलम ९४ प्रमाणे मंत्र्याचा वार्षिक अहवाल संसदेत येतो, पण त्याचा मुख्य रोख कायम रहिवाशांच्या आकड्यांवर असतो. तात्पुरते येणारे लोक वार्षिक उद्दिष्टांच्या आराखड्यात पहिल्यांदा आले ते ऑक्टोबर २०२४ मध्ये, तोपर्यंत युक्रेनहून तात्पुरत्या परवान्यावर लाखो लोक येऊन गेले होते.

म्हणून तिथे सगळा भार समित्यांवर येतो. कॅनडाच्या कनिष्ठ सभागृहाची (त्याचंही नाव कॉमन्सच) नागरिकत्व आणि इमिग्रेशन स्थायी समिती मंत्र्याला आणि अधिकाऱ्यांना बोलावते, कागदपत्रं मागवते, साक्षी घेते, आणि अहवालात तशी मागणी केली असेल तर सरकारला १२० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. उत्तर द्यावं लागतं, शिफारस मानावी लागत नाही. अफगाणिस्तानसाठी डिसेंबर २०२१ मध्ये वेगळी विशेष समिती नेमली गेली, तिने जून २०२२ मध्ये ३७ शिफारशी दिल्या, त्यात काबूलमधून लोकांना बाहेर काढताना काय चुकलं याची बरीच स्पष्ट मांडणी आहे.

देखरेखीचा कस लागला तो युक्रेन आणि गाझा या दोन योजना शेजारी-शेजारी ठेवल्यावर. युक्रेनसाठीची आपत्कालीन योजना १७ मार्च २०२२ ला सुरू झाली, संख्येवर मर्यादा नाही, फी नाही. साडेनऊ लाखांहून जास्त अर्ज मंजूर झाले आणि एप्रिल २०२४ पर्यंत त्यातले सुमारे ३ लाख लोक प्रत्यक्ष पोचले. गाझासाठीची योजना २१ डिसेंबर २०२३ ला जाहीर झाली, ९ जानेवारी २०२४ ला उघडली, मर्यादा १,००० अर्जांची. कॅनडातल्या नातेवाइकाने आधी वेब फॉर्म आणि शपथपत्र द्यायचं, मग खात्याकडून एक कोड यायचा, तो कोड आला तरच खरा अर्ज भरता यायचा. फॉर्ममध्ये सोळाव्या वर्षापासूनच्या सगळ्या नोकऱ्या आणि अंगावरच्या जखमांच्या खुणा इथपर्यंत प्रश्न होते. बोटांचे ठसे गाझात देता येत नव्हते, त्यासाठी इजिप्तला जावं लागायचं, आणि मे २०२४ मध्ये रफाहची सीमाच बंद झाली. म्हणजे ठसे दिल्याशिवाय व्हिसा नाही आणि सीमा ओलांडल्याशिवाय ठसे नाहीत. हे सगळं खासदारांनी तेव्हाचे इमिग्रेशन मंत्री मार्क मिलर यांना विचारलं, युक्रेनला एक आणि गाझाला दुसरं का, हेही विचारलं. २७ मे २०२४ ला मर्यादा ५,००० केली गेली आणि ६ मार्च २०२५ ला योजना बंद झाली. मर्यादा वाढण्यात समितीचा वाटा किती आणि बाहेरच्या दबावाचा किती हे वेगळं काढणं अवघड आहे, पण अडचण गाझातून बाहेर पडण्यात असताना आकडा वाढवून फार काही सुटणार नव्हतं, आणि साक्षींमधून नेमकं हेच पुढे आलं होतं. सुदानसाठी फेब्रुवारी २०२४ मध्ये ३,२५० अर्जांची अशीच योजना निघाली, तिच्यावर मात्र चर्चा खूपच कमी झाली.

संसदेलाच माहीत नसलेली योजना

ब्रिटनमधलं अफगाण प्रकरण या विषयातलं सगळ्यात गंभीर मानावं लागेल. फेब्रुवारी २०२२ मध्ये संरक्षण खात्यातून एक स्प्रेडशीट चुकीच्या हातात गेली, तिच्यात ब्रिटनकडे आसरा मागणाऱ्या सुमारे १८,७०० अफगाण अर्जदारांची माहिती होती, म्हणजे तालिबानला आयतीच यादी. ऑगस्ट २०२३ मध्ये हे उघडकीस आलं, सरकार कोर्टात गेलं आणि १ सप्टेंबर २०२३ ला असा मनाई हुकूम निघाला की माहिती छापायची नाहीच, असा हुकूम आहे हेसुद्धा सांगायचं नाही. २०२४ मध्ये या लोकांना आणायला एक गुप्त योजना सुरू झाली, हजारो माणसं, प्रचंड खर्च, आणि सभागृहात त्यावर एक शब्द नाही. गुप्त माहिती हाताळण्यासाठीच असलेल्या गुप्तवार्ता आणि सुरक्षा समितीलाही सांगितलं नव्हतं. हुकूम १५ जुलै २०२५ ला उठला, त्याच दिवशी संरक्षणमंत्री जॉन हीली यांनी निवेदन केलं आणि योजना बंद झाल्याचंही तेव्हाच कळलं. जीव वाचवायला गुप्तता लागते हे सुरुवातीच्या काही आठवड्यांपुरतं पटतं, पावणेदोन वर्षांपेक्षा जास्त काळ एकाही समितीला बंद दाराआड सुद्धा न सांगणं पटत नाही.

इतरत्र

अमेरिकेत १९५६ ला हंगेरीच्या उठावानंतर आयझेनहॉवर यांनी एकेकट्या माणसासाठी असलेला "पॅरोल"चा, म्हणजे व्हिसाशिवाय तात्पुरतं आत घ्यायचा, अधिकार हजारो लोकांसाठी वापरला, काँग्रेसला, म्हणजे तिथल्या संसदेला, ते खटकत राहिलं, आणि १९८० च्या निर्वासित कायद्यात वार्षिक संख्या ठरवण्याआधी दोन्ही सभागृहांच्या न्यायविषयक समित्यांशी सल्लामसलत सक्तीची झाली. पॅरोलचा अधिकार तरीही शिल्लक राहिला आणि एप्रिल २०२२ मध्ये युक्रेनसाठी परत वापरला गेला. ऑस्ट्रेलियात मंत्र्याने वैयक्तिक अधिकारात एखाद्याला व्हिसा दिला तर त्याचं निवेदन दोन्ही सभागृहांत ठेवावं लागतं, नाव न देता, आणि या अधिकारांवर सिनेटच्या खास समितीचा मार्च २००४ चा अहवाल आहे. १९९९ मध्ये कोसोव्होहून आणलेल्या सुमारे ४,००० लोकांसाठी मात्र तिथे वेगळा कायदाच पास केला होता. युरोपीय संघाचा तात्पुरत्या संरक्षणाचा निर्देश २००१ चा, पहिल्यांदा वापरला ४ मार्च २०२२ ला, त्यात निर्णय मंत्र्यांच्या परिषदेचा असतो आणि युरोपीय संसदेला तो फक्त कळवायचा असतो. त्याची मुदत वाढत वाढत आता मार्च २०२७ पर्यंत गेली आहे.