एक दाता कमी केला तं?

रिमोटच्या रेसिंग गाड्यांचं वेड आता आमच्या तालुक्यापर्यंत आलंय, आणि त्याच्यासोबत एक समजही आलाय की पुली बदलली की मोटरची पावर वाढते. नाही वाढत बावा. मोटर देते तेवढीच पावर, पुली फक्त वाटणी बदलते, जोर घ्या नाहीतर वेग घ्या, दोन्ही एकदम भेटत नाही.

खऱ्या गाडीच्या दहाव्या हिश्श्याची, म्हणजे १/१० साइजची बेल्टवाली टुरिंग गाडी घ्या. पिनियनला, म्हणजे मोटरवरच्या लहान गिअरला ३० दाते, तो ज्याला फिरवतो त्या मोठ्या गिअरला, स्परला ९६, म्हणजे ३.२ पट. स्परच्याच शाफ्टवर मधली पुली २० दात्यांची, चाकांच्या अॅक्सलवरची ४० ची, आणखी २ पट. गुणाकार ६.४. मोटर मिनिटाला २०,००० फेरे मारत असेल तर चाक ३,१२५ मारतं, टायर ६३ मिलिमीटरचा धरला तर ताशी ३७ किलोमीटर होतात. (डब्यावर १०० लिहिलेलं असतं, तो डब्याचा वेग असेल.) आता अॅक्सलवर ३८ ची पुली टाका, वेग ३९, जोर ५ टक्के कमी. तेवढाच फरक मधल्या पुलीला एकच दाता वाढवून पडतो, कारण २० मधला एक म्हणजेच ४० मधले दोन.

पण दाते कमी केले की बेल्ट ढिला होतो, हे पोट्टे विसरतात. पिठाच्या गिरणीचा सपाट पट्टा ढिला झाला तर नुसता घसरतो, इथं बेल्टलाही दाते आहेत, दर ३ मिलिमीटरला एक. बेल्ट पुलीला साधारण अर्धाच वेढा घालतो, म्हणून दोन दाते गेले की एका दात्याची, ३ मिलिमीटरची ढील पडते, मग जोरात अॅक्सिलरेटर दिला की बेल्ट कटकट करत दाते उडवतो. त्यासाठी बेअरिंगचा कॅम, म्हणजे बेअरिंग धरणारी मध्य सरकलेली कडी, फिरवून अॅक्सल दीडेक मिलिमीटर मागे घ्यायचा. जास्तही ताणू नका, बेअरिंग जड फिरतं आणि बॅटरी त्यातच संपते. चेसिसखाली लिंबू-मिरची बांधलेली एक गाडी पाहिली मी, बेल्ट ढिलाच होता, लिंबाने फक्त वजन वाढलं.

आता खरी गंमत. फोर व्हील ड्राइव्हमध्ये पुली मागे ४० ची आणि पुढे ३९ ची टाकली, तर पुढची चाकं अडीच टक्के जास्त फिरायला पाहतात, पण गाडी तर एकच आहे, रस्ता दोघांनाही सारखाच! मग कोणतं तरी चाक घसरलंच पाहिजे. काळ्या मातीच्या धुळीत ते सहज घसरतं, पुढची चाकं गाडीला ओढत नेतात आणि शेपूट कमी हलते. बाजार समितीच्या सिमेंटच्या यार्डात टायर पकडून बसतो, सगळा ताण बेल्टवर येतो, मोटर जास्त करंट ओढते, तापते. उलट पुढे ४१ ची टाकून वन-वे, म्हणजे एकाच दिशेनं जोर देणारं बेअरिंग, बसवला तर पुढची चाकं मोकळी फिरतात, मागची अडीच टक्के घसरली की मगच पुढून जोर लागतो, आणि ब्रेक मात्र फक्त मागच्या चाकांना.

मे महिन्यात आपल्याकडे ४५ डिग्री असते, तेव्हा दोन चकरा मारून मोटरजवळ हात नेऊन पाहा. आग वाटली तर पुलीला हात लावू नका, पिनियन एक दाता लहान करा.