पळस फुलल्यावरचे मामा तलाव

पळस फुलला, ऊन तापू लागलं की पुष्कळ पक्षिमित्र दुर्बीण कपाटात ठेवतात. हे चुकतं. भंडारा-गोंदियाच्या मामा, म्हणजे माजी मालगुजारांच्या काळातल्या जुन्या तलावांवर मार्च-एप्रिलमध्ये जे दिसतं, ते थंडीत दिसतच नाही.

डिसेंबरात अकरा तासांहून थोडा लहान असलेला दिवस मार्चअखेर सव्वाबारा तासांवर जातो. हा वाढता उजेड हिवाळ्यात आलेल्या स्थलांतरित पक्ष्याच्या मेंदूला कळतो, संप्रेरकं बदलतात, भूक वाढते आणि कातडीखाली चरबी साठते. मध्य आशिया किंवा सायबेरियापर्यंतच्या परतीच्या प्रवासाची शिदोरी हीच. सोबत पिसंही बदलतात. जानेवारीत मळकट दिसणारे पिवळे धोबी पक्षी एप्रिलपर्यंत हळदीसारखे पिवळे होतात आणि नरांच्या डोक्याच्या रंगावरून उपजाती ओळखू येतात.

माजी मालगुजारी तलाव उथळ असतात. पाणी उतरलं की काठाला ओल्या गाळाचा पट्टा उघडा पडतो. अळ्या-किड्यांनी भरलेल्या या पट्ट्यात तुताऱ्या आणि टिलवे हे चिखलकाठचे पक्षी चरतात. नजर आधी इथे हवी, बदकं नंतर.

सकाळी पूर्वेच्या काठावर, सूर्य पाठीशी घेऊन बसावं. ८×४२ची (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) दुर्बीण पुरते. पाळीच्या (तलावाच्या बांधाच्या) माथ्यावर उभं राहिलं की आभाळावर आकृती उमटते आणि थवा उठतो; म्हणून उतारावर, बेशरमाच्या झुडपाआड बसणं बरं. उठलेला पक्षी साठवलेली चरबी उगाच जाळतो, तेव्हा फोटोसाठी गाळात उतरूच नये. ऊन चढलं की हवा थरथरते, मग महागड्या दुर्बिणीतही बारकावे दिसत नाहीत.

सर्वाधिक घोळ दोन तुताऱ्यांत होतो. ठिपकेवालीची पांढरी भुवई डोळ्याच्या मागेपर्यंत जाते, हिरवीची डोळ्यापाशीच थांबते. उडाल्यावर पंखाखाली पाहा: हिरवी जवळजवळ काळी, ठिपकेवाली फिकट.

थवा मोजताना आधी दहा पक्षी मोजून त्यांनी व्यापलेली जागा डोळ्यांत धरावी आणि त्याच मापाने पुढे सरकावं. थव्याचा मध्य दाट असतो, कडा विरळ. दोन्हींसाठी एकच माप धरलं की आकडा हमखास चुकतो.

पक्षी आल्याची तारीख सगळे लिहितात, गेल्याची क्वचितच, कारण शेवटचा दिवस त्या दिवशी कळत नाही. त्यासाठी दर आठवड्याला त्याच काठावर, त्याच वेळी जावं. पट्टकादंब हे स्थलांतरित हंस दिसले नाहीत तर वहीत ० लिहावं. जागा कोरी सोडली तर ते गेले होते की कुणी पाहिलंच नव्हतं, हे पुढच्या वर्षी सांगता येत नाही. शिवाय रोज डोंगा (होडी) घालणाऱ्या ढिवरांना, म्हणजे मासेमारांना विचारावं. पाण्यावरचे थवे कधी हलले, हे त्यांना आधी कळतं.