केदार डोम : चढाई आणि स्की-उतराईसाठी परवानगी, पात्रता, कागदपत्रं

गढवालमधलं केदार डोम ६८३१ मीटर उंच आहे. त्याच्या वायव्येचा लांबलचक हिमउतार कीर्ती बमक या हिमनदीकडे उतरतो आणि या उंचीच्या मानाने बराच सौम्य आहे. म्हणूनच स्की करणाऱ्या गिर्यारोहकांना हे शिखर भुरळ घालतं. आन्द्रे रोश यांच्या नेतृत्वाखालचा स्विस संघ १९४७ साली याच बाजूने वर गेला होता. पूर्वेकडचा कडा मात्र अगदी वेगळं प्रकरण आहे. अर्जात 'वायव्य बाजू' असं स्पष्ट लिहायचं ते यासाठीच.

पहिली चूक शिखराच्या नावातच होते. शेजारचं केदारनाथ शिखर ६९४० मीटरचं आहे आणि दोन्ही नावं सर्रास एकमेकांच्या जागी वापरली जातात. एकाची परवानगी दुसऱ्याला चालत नाही, म्हणून नावासोबत उंची आणि अक्षांश-रेखांश द्या.

शिखराची परवानगी दिल्लीतल्या इंडियन माउंटेनिअरिंग फाउंडेशनच्या, म्हणजे आयएमएफच्या प्रक्रियेतून मिळते. मे-जूनची मोहीम असेल तर कागद जानेवारी-फेब्रुवारीतच तयार ठेवा. शुल्क आणि सवलती बदलत असतात, त्यामुळे भरणा करायच्या दिवशी चालू तक्ता पाहून घ्या. संस्थेच्या लेटरहेडवरचं पत्र, सदस्यांची यादी, प्रत्येकाचं ओळखपत्र, छायाचित्र, गिर्यारोहणाचा अनुभव, कोर्सची प्रमाणपत्रं, डॉक्टरांचा तंदुरुस्तीचा दाखला, रक्तगट, घरच्यांचा संपर्क आणि दिवसवार आराखडा एवढा संच आधीच जुळवा. आपल्याकडे हमखास अडतं ते नावापाशी. आधारवर मध्ये वडिलांचं नाव असतं, गिर्यारोहणाच्या बेसिक कोर्सच्या प्रमाणपत्रावर नसतं. लग्नानंतर आडनाव बदललेल्या सदस्यांचं तर दोन्हीकडे वेगळंच असतं. सगळीकडे आधारप्रमाणे नाव लिहा आणि जिथे फरक आहे तिथे प्रतिज्ञापत्र जोडा.

पात्रतेच्या बाबतीत तडजोड नको. प्रत्येक सदस्याचा बेसिक कोर्स झालेला असावा. नेता आणि उपनेता त्यापुढचा ॲडव्हान्स कोर्स केलेले असावेत, शिवाय त्यांना सहा हजार मीटरवरचा अनुभव हवा. ॲडव्हान्सला प्रवेश मिळायला बेसिकमध्ये 'ए' श्रेणी लागते आणि उत्तरकाशी, मनाली, दार्जिलिंगच्या संस्थांत जागा लवकर भरतात. म्हणजे संघाची बांधणी वर्ष-दीड वर्ष आधीच सुरू होते. स्कीसाठी गुलमर्ग किंवा सोलंगच्या कोर्सची प्रमाणपत्रं जोडा. पण पिस्टवर, म्हणजे स्कीसाठी सपाट करून तयार केलेल्या उतारावर सफाईदार स्की करणारा माणूस पाठीवर सॅक घेऊन, कडक झालेल्या बर्फावर, विरळ हवेत तसाच उतरेल असं नाही. ती परीक्षा आधी एखाद्या पाच हजारी शिखरावर घ्या.

आराखडा हा अर्जाचा कणा. बेस कॅम्प, वरचे कॅम्प आणि त्यांची उंची, कुठपर्यंत स्की पाठीवर, कुठून पायात, हिमभेगांच्या पट्ट्यात दोर कसा, परत फिरायची वेळ कोणती, हे सगळं लिहा. याच उत्तरकाशी जिल्ह्यात ४ ऑक्टोबर २०२२ रोजी द्रौपदी का डांडा-२ या शिखरावर गिर्यारोहण प्रशिक्षणार्थींचा मोठा गट हिमस्खलनात सापडला. त्यामुळे साहित्याच्या यादीत माणशी एक ट्रान्सीव्हर (बर्फाखाली गाडलेल्याचा संकेत पकडणारं यंत्र), एक प्रोब (बर्फात खुपसून शोध घ्यायची लांब काठी), एक फावडं दिसलंच पाहिजे. परवान्याच्या मुदतीत खराब हवेसाठी चार-पाच दिवस जादा धरा. पावसाळ्याच्या धोक्यामुळे जून संपेपर्यंत खाली उतरलेलं बरं. ५ ऑगस्ट २०२५ च्या पुरात गंगोत्रीच्या वाटेवरच्या धरालीचं काय झालं ते सर्वांनी पाहिलं आहे.

शिखर गंगोत्री राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीतून गाठायचं असल्याने वनविभागाची वेगळी परवानगी लागते. तिचं कार्यालय उत्तरकाशीत आहे. उद्यान १ एप्रिल ते ३० नोव्हेंबर खुलं असतं. गोमुखासाठी रोज १५० पर्यटकांना मिळणारा परवाना मोहिमेला उपयोगाचा नाही. यादीत स्वयंपाकी आणि पोर्टर यांचीही नावं हवीत, नाहीतर कनखूच्या वनचौकीवर माल अडकतो. त्यांचा विमा मोहिमेनेच उतरवायचा. संघाची यादी आणि तारखा जिल्हा प्रशासन व पोलिसांकडेही द्या.

संपर्कसाधनांबाबत गाफील राहू नका. थुराया आणि इरिडियमचे सॅटेलाइट फोन भारतात विनापरवाना वापरणं, नुसतं जवळ बाळगणंही गुन्हा आहे. गार्मिनचं इनरीच हे उपग्रहावरून संदेश पाठवणारं छोटं यंत्रही त्यातच मोडतं. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या विमानतळावर एका कॅनेडियन महिलेवर त्यावरूनच कारवाई झाली. परदेशातून येणाऱ्या मित्राला हे आधीच कळवा. वॉकीटॉकी घ्यायची तर ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झची, कमी शक्तीची. तिला परवाना लागत नाही. बाजारात स्वस्तात मिळणाऱ्या जास्त शक्तीच्या व्हीएचएफ संचांना लागतो.

अमेरिका-युरोपात स्थायिक झालेल्या मराठी मंडळींना एक गोष्ट बहुतेक वेळा उशिरा कळते. ४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेनुसार ओसीआय (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या व्यक्तींना मिळणारं) कार्ड असलं तरी गिर्यारोहणासाठी विशेष परवानगी घ्यावी लागते. असा एकही सदस्य असेल तर ते काम सर्वात आधी हाती घ्या.

विमा पॉलिसीत 'गिर्यारोहण' हा शब्द आणि उंचीची मर्यादा शोधा. ६००० मीटरवर थांबणारी पॉलिसी इथे कुचकामी. गॅसचे कॅनिस्टर विमानात आणि रेल्वेत दोन्हीकडे निषिद्ध आहेत, त्यामुळे ते डेहराडून किंवा उत्तरकाशीत मिळतील अशी आधीच सोय लावा. स्कीच्या पिशवीची लांबी विमान कंपनीला बुकिंगच्या वेळीच सांगा.

परतताना कचरा चौकीवर दाखवून नोंद करून घ्या. अनामत भरली असेल तर तिची पावती तोवर जपून ठेवा. मोहिमेचा अहवाल आयएमएफला पाठवायचा असतो, शिखर गाठलं असो वा नसो. कुठल्या उंचीवरून स्की लावले, हिमभेगा कुठे उघड्या होत्या, कुठल्या वेळी बर्फ मऊ पडला, हे त्यात तारखांसह लिहा.