बालतस्करी व वेठबिगारीविरोधी ग्रामसमित्या

बालतस्करी व वेठबिगारीविरोधी ग्रामसमित्या : मुलांची विक्री, फसवून किंवा कर्जापोटी केली जाणारी पाठवणी आणि त्यांच्याकडून बळजबरीने करून घेतले जाणारे श्रम रोखण्यासाठी गावाने, वस्तीने अथवा खुद्द पीडित कुटुंबांनी उभारलेल्या स्थानिक संघटना. दक्षता समिती, बालसंरक्षण समिती, बालहक्क मंच अशा निरनिराळ्या नावांनी त्या ओळखल्या जातात. पोलिसी कारवाई किंवा बाहेरच्या संस्थांच्या सुटका-मोहिमा यांहून त्या तत्त्वतः वेगळ्या आहेत; व्यवहारात मात्र ही सीमारेषा अनेकदा पुसट होते.

संज्ञांचा थोडा उलगडा आवश्यक आहे. ‘वेठ’ हा शब्द संस्कृत ‘विष्टि’पासून आणि ‘बिगार’ हा फार्सी ‘बेगार’पासून आला असे सामान्यतः मानतात. दोहोंचा मूळ रोख राजसत्तेने किंवा वतनदाराने विनामोबदला करून घेतलेल्या श्रमांकडे आहे. उचल घेतल्यामुळे धनकोशी बांधले जाणे हा प्रकार त्याहून भिन्न असून मराठीत मात्र दोन्हींसाठी ‘वेठबिगार’ हाच शब्द रूढ झाला आहे. मुलांच्या बाबतीत कर्ज बहुधा वडिलांचे असते आणि ते फेडणारे हात मुलाचे.

‘तस्करी’ची व्याख्या अधिक वादग्रस्त आहे. संयुक्त राष्ट्रांच्या २००० सालच्या पालेर्मो संलेखानुसार (मानवी तस्करीविरोधी आंतरराष्ट्रीय करारानुसार) प्रौढ व्यक्तीबाबत बळजबरी, फसवणूक किंवा अगतिकतेचा गैरफायदा यांपैकी काही साधन वापरले गेल्याचे दाखवावे लागते; अठरा वर्षांखालील व्यक्तीबाबत ते आवश्यक नाही, शोषणाच्या हेतूने तिची भरती, वाहतूक किंवा तिला आश्रय देणे एवढेच पुरेसे ठरते. त्याआधी १९५६ च्या गुलामगिरीविषयक पूरक करारात आईवडिलांनी किंवा पालकांनी श्रमशोषणासाठी मूल दुसऱ्याच्या हवाली करणे हे, मोबदला घेतला असो वा नसो, निषिद्ध मानले गेले होते. अडचण अशी, की बेनिनमधील ‘विदोमेगॉन’ किंवा हैतीमधील ‘रेस्तावेक’ यांसारख्या प्रथांत मूल शिक्षणाच्या किंवा पोटापाण्याच्या आशेने सुस्थितीतील घरी ठेवले जाते, आणि सांभाळ कोठे संपून राबवणूक कोठे सुरू होते हे पाठवणीच्या दिवशी कोणालाच दिसत नाही. कायदा हेतू पाहतो, तर गावाला हाती आलेल्या परिणामावरून तो ओळखावा लागतो. समित्यांच्या कामातील बहुतेक तंटे याच ठिकाणी उद्भवतात.

या समित्यांच्या उगमाविषयी मतभेद आहेत. काही लेखक त्यांचा संबंध अठराव्या शतकाच्या अखेरीस ब्रिटनमध्ये झालेल्या गुलामांच्या व्यापाराविरोधी स्थानिक मंडळांशी आणि १७९१ च्या सुमारास गुलामांच्या श्रमांतून आलेल्या साखरेवर सुरू झालेल्या बहिष्काराशी जोडतात. ती मंडळे दूरस्थ सहानुभूतीदारांची होती, पीडितांच्या गावची नव्हेत, ही बाब या मताला बाधक आहे. दुसऱ्या मतानुसार बालहक्क संहिता (१९८९) आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा बालमजुरीच्या अनिष्टतम प्रकारांविषयीचा १८२ क्रमांकाचा करार (१९९९) यांनंतर आलेल्या अर्थसाहाय्यातून हा प्रकार घडला. पश्चिम आफ्रिकेपुरते ते बरेचसे ग्राह्य दिसते. दक्षिण आशियातील पुरावा मात्र त्याआधीचा आहे. भारताच्या वेठबिगार पद्धती (निर्मूलन) अधिनियमात (१९७६) जिल्हा व उपविभाग पातळीवर दक्षता समित्यांची तरतूद असून, जिल्हा समितीवर अनुसूचित जाती-जमातींतील तीन स्थानिक व्यक्ती व दोन समाजकार्यकर्ते घेण्यास सांगितले आहे. कर्ज वेठबिगारीचे असल्याचा दावा झाल्यास ते तसे नाही हे सिद्ध करण्याचा भार अधिनियमाने धनकोवर टाकला आणि मुक्त मजुरावर लावलेल्या दाव्यांत बचाव करण्याचे काम समितीकडे दिले. हा साचा सरकारी असला, तरी त्याला जाग आणली ती मुख्यतः मजुरांच्या संघटनांनी; म्हणून उगम कर्जबंधनविरोधी चळवळीत शोधणे अधिक सयुक्तिक वाटते.

नेपाळच्या पश्चिम तराईतील थारू समाजाचे उदाहरण याला दुजोरा देते. २००० च्या मे महिन्यात कैलाली जिल्ह्यातील काही कमैया (कर्जापोटी जमीनमालकाकडे बांधलेल्या शेतमजुरांच्या) कुटुंबांनी जमीनमालकाविरुद्ध किमान वेतनाची मागणी दाखल केली. आंदोलन पसरले आणि १७ जुलै रोजी सरकारने कमैया पद्धत संपुष्टात आल्याचे घोषित केले. मुलींना घरकामासाठी बांधून देण्याची ‘कमलरी’ प्रथा त्यानंतरही राहिली. हे करार माघी सणाच्या वेळी होत असल्याने प्रचारही त्याच सुमारास केला जाई, आणि मुलीला घरी ठेवणाऱ्या कुटुंबाला डुकराचे पिल्लू किंवा बकरी देण्याचा उपाय तेथे वापरला गेला. पुढे सुटून आलेल्या मुलींनीच संघटना बांधल्या. २०१३ मध्ये सरकारने या प्रथेच्या समाप्तीची घोषणा केली.

आंध्र प्रदेशातील (आता तेलंगण) रंगारेड्डी जिल्ह्यात एम. व्ही. फाउंडेशन या स्वयंसेवी संस्थेने शांता सिन्हा यांच्या नेतृत्वाखाली १९९० च्या दशकात निराळी कसोटी लावली : शाळेबाहेरचे प्रत्येक मूल हे मजूरच समजावे. त्यामुळे तस्करी, वेठ व साधी बालमजुरी यांतील काथ्याकूट गावपातळीवर टळला आणि हजेरीपट हेच देखरेखीचे साधन बनले. कामावरून आलेल्या मोठ्या मुलांसाठी निवासी सेतुशिबिरे (शाळेत जाण्याआधीची तयारी करून घेणारे वर्ग) भरवण्यात आली.

इतरत्र कार्यपद्धती साधारण सारखीच आहे : मुलांची नोंदवही, अनोळखी दलालांवर लक्ष, वाहनचालकांशी संधान, सावकाराला पर्याय म्हणून बचतगट, परतलेल्या मुलांची पाठराखण.

बेनिनमध्ये समित्यांचे जाळे विस्तृत आहे. २००१ मध्ये तस्करीची मुले नेत असल्याचा संशय आलेल्या ‘एतिरेनो’ या जहाजाच्या प्रकरणाने हा विषय जगापुढे आला आणि २००६ च्या कायद्याने अल्पवयीनांच्या प्रवासावर निर्बंध आले. नील हॉवर्ड यांच्यासारख्या संशोधकांच्या मते तेथील बरीच किशोरवयीन मुले स्वखुशीने हंगामी कामास जात होती, आणि प्रवासच रोखल्याने ती अधिक धोक्याच्या आडवाटांकडे वळण्याची शक्यता निर्माण झाली. कायद्याच्या समर्थकांना हे मान्य नाही. अठरा वर्षांखालील संमती निरर्थक आहे, या पालेर्मो संलेखातील भूमिकेवर ते ठाम आहेत. आक्षेप प्रवासबंदीला लागू पडतो, समित्यांच्या कल्पनेला तितकासा नाही.

परिणामकारकतेविषयी २००९ मध्ये प्रसिद्ध झालेला बालसंरक्षणाचे अभ्यासक मायकेल वेसेल्स यांचा आढावा विशेष उल्लेखनीय आहे. सुमारे १६० मूल्यमापन-दस्तऐवज तपासून त्यांनी असा निष्कर्ष काढला, की समिती ‘आपली’ आहे ही गावाची भावना हा यशाचा प्रमुख घटक असून बाहेरून स्थापलेल्या समित्या निधी आटल्यावर बहुधा मावळतात. सावकार किंवा मुकादमाचे आप्तच सभासद असणे हा दोषही अनेक ठिकाणी आढळतो. आंतरराष्ट्रीय श्रम संघटना व युनिसेफ यांच्या अंदाजानुसार जगातील बालमजुरांची संख्या २०२० मध्ये १६ कोटी होती, ती २०२४ मध्ये १३.८ कोटींवर आली. या घटीतील समित्यांचा वाटा वेगळा काढता येत नाही, कारण न झालेल्या पाठवणीची नोंद कोणत्याही पाहणीत होत नाही.