उपद्रवी शेजाऱ्याविरुद्ध गावाचा अर्ज: 17 व्या शतकातल्या इंग्लंडमधली पद्धत

शेजारी पिऊन दंगा घालतो, रात्रीअपरात्री लोकांच्या दारावर लाथा मारतो, ऊठसूट खोटे दावे लावतो. अशा माणसाला शिक्षा करवणं इंग्लंडच्या खेड्यात महागाचं आणि वेळखाऊ काम होतं. त्यापेक्षा त्याला जामीनदारांसह बॉण्डवर, म्हणजे नीट वागेन नाहीतर पैसे भरेन अशा कबुलीवर, बांधून घेणं सोपं. आपल्या पोलीस ठाण्यातली ‘चॅप्टर केस’, म्हणजे गुन्हा घडण्याआधीच नीट वागण्याचा बॉण्ड घ्यायची कारवाई, याच घराण्यातली. मूळ कायदा 1361 चा.

कोणता बॉण्ड?

पहिली चूक इथेच होई. बॉण्ड दोन प्रकारचे: शांततेचा आणि चांगल्या वर्तणुकीचा.

शांततेचा बॉण्ड एकट्या माणसालाही मागता येई, अगदी बायकोला नवऱ्याविरुद्धसुद्धा. कागद फारसे लागत नसत, शपथ लागे: मला याच्याकडून मारहाणीची किंवा घर पेटवलं जाण्याची धास्ती आहे, आणि मी हे आकसाने मागत नाही. धास्ती पुढची हवी. मागच्या महिन्यात मार खाल्ला एवढ्यावर भागत नसे. गुराढोरांना इजा होईल ही भीतीही चालत नसे.

सगळ्या गावालाच त्रास असेल तर वर्तणुकीचा बॉण्ड. भांडणं लावणारा, चोरांना थारा देणारा, रात्री संशयास्पद भटकणारा, असे लोक यात येत. शांततेच्या बॉण्डला एक जस्टिस ऑफ द पीस, म्हणजे राजाने नेमलेला स्थानिक दंडाधिकारी, पुरे. वर्तणुकीचा मात्र दोघांनी मिळून किंवा भर कोर्टात घ्यावा, असा रिवाज होता.

अर्जाचा कागद

अर्ज इंग्रजीत. वर जस्टिस मंडळींना उद्देशून आदराचा मायना, मग ‘अमुक गावच्या रहिवाशांचा नम्र अर्ज’, आणि खाली एकेक आरोप. या आरोपांना ‘आर्टिकल्स’ म्हणत. अर्जाचा जीव यातच. ‘तो फार भांडकुदळ आहे’ हे वाक्य फुकट जाई. ‘मायकलमसनंतरच्या (29 सप्टेंबरच्या सणानंतरच्या) रविवारी, प्रार्थना चालू असताना, चर्चच्या आवारात त्याने कॉन्स्टेबलवर काठी उगारली’ असं लिहिलं की जस्टिसला पकडायला काहीतरी मिळे. दिवस, जागा, कृत्य, कोणासमोर. हे चार तपशील प्रत्येक आरोपात असलेले बरे.

सह्यांमध्ये पाद्री, चर्चचा कारभार पाहणारे चर्चवॉर्डन, कॉन्स्टेबल आणि गरिबांच्या मदतनिधीचे ओव्हरसीअर यांची नावं असली की कागदाला वजन येई. मग शेतकरी, कारागीर. लिहिता न येणारा फुली किंवा स्वतःची खूण काढी आणि शेजारी कोणीतरी त्याचं नाव लिही. सगळी नावं एकाच हातची दिसली, तर सह्या खरंच त्यांच्या का, ही शंका आलीच.

कुठे द्यायचा?

घाई असेल तर जवळच्या जस्टिसच्या घरी, कधीही. तो वॉरंट काढी आणि कॉन्स्टेबल त्या माणसाला घेऊन येई. नाहीतर क्वार्टर सेशन्समध्ये, म्हणजे जिल्ह्यातल्या जस्टिसांच्या तिमाही कोर्टात, वर्षातून चारदा, सणांच्या सुमारास: एपिफनी (जानेवारी), ईस्टर, मिडसमर, मायकलमस. बैठकीचं गाव आधी विचारून घ्यावं लागे. विल्टशरमध्ये ती सॉल्सबरी, डिव्हायझिस, वॉर्मिन्स्टर, मार्लबरो अशी फिरे.

बॉण्डमध्ये काय असे?

एरवी लॅटिनमध्ये लिहिलेली, राजाला देणं लागतो अशी कबुली. रक्कम माणूस पाहून ठरे. उदाहरणार्थ स्वतःचे 20 पौंड आणि दोन जामीनदारांचे 10-10. मजुराला दिवसाला 8 ते 12 पेनी मिळत, म्हणजे 20 पौंड ही 400 ते 600 दिवसांची मजुरी झाली. पैसे तेव्हाच भरायचे नसत. पुढच्या सेशन्सला हजर राहिला आणि तोवर नीट वागला, तर कबुली रद्द. लग्न झालेल्या बाईला स्वतःच्या नावाने बांधता येत नसे. तिच्यासाठी फक्त जामीनदार बांधले जात. जामीनदारच मिळाले नाहीत तर तुरुंग. बदनाम माणसासाठी जामीन राहायला गावात कोण तयार होणार? खरा जाच तोच.

कुठे फसे?

सेशन्सच्या दिवशी तक्रारदारच न येणं, हे नेहमीचं. कोर्टात पुकारा होई, कोणी हरकत घेतली नाही की बॉण्डमधून सुटका. सह्या वीस असल्या तरी दोन-तीन माणसं जातीने हजर हवीतच.

दुसरं, उलटा अर्ज. आरोपीही आपल्या बाजूच्या सह्या गोळा करून ‘हा भला माणूस आहे, तक्रार आकसाची’ असं लिहून आणी. किंवा तोच तक्रारदाराची धास्ती असल्याची शपथ घेऊन शांततेचा बॉण्ड मागे आणि दोघेही बांधले जात. हे टाळायचं तर ज्यांचं त्याच्याशी जुनं भांडण नाही, अशांच्या सह्या आधी घ्याव्यात.

शेजारी दारूघर चालवत असेल तर जवळची वाट वेगळी. 1552 च्या कायद्याने दारूघराला दोन जस्टिसांचा परवाना लागे, आणि परवान्यासोबत सुव्यवस्था राखण्याचा बॉण्ड आधीच घेतलेला असे. तेव्हा अर्जात त्याच्या स्वभावाबद्दल लिहीत बसण्यापेक्षा प्रार्थनेच्या वेळी कोण पीत बसलं होतं, जुगार कधी चालला, कोणाचा नोकर रात्रभर तिथे होता, हे लिहून थेट परवानाच काढून घ्यायची मागणी करायची.