रायकरच्या दाढीमुळे सिरीज सुधारली? नाही हो!

परवा इंदूरला रामबागेत मामांकडे पोहे-जिलेबी खाताना दादा परत तेच म्हणाला, की स्टार ट्रेक नेक्स्ट जनरेशन ही अंतराळयानावरची सिरीज, त्यातल्या यानाचा उपकप्तान रायकरने दाढी ठेवली तिथपासून भारी झाली. वर्षानुवर्षं हेच चाललंय, पण नीट बघा ना! दाढी आली 1988 ला, सीझन 2 मध्ये, आणि तो सीझन चांगलाच डळमळीत आहे, रायटर्सच्या संपामुळे 26 ऐवजी 22च एपिसोड झाले आणि शेवटचा तर जुन्या क्लिपा जोडून काढलाय, रायकर बेशुद्ध पडलाय आणि आपण त्याच्या आठवणी बघत बसायचं. (डेटा हा माणसासारखा दिसणारा रोबो, तो माणूस की मशीन, यावरचा कोर्टाचा एपिसोड याच सीझनचा, तो मात्र सुंदरच.)

खरा फरक पडला 1989 ला, सीझन 3 मध्ये. मायकल पिलर लिखाणाचा प्रमुख झाला, त्याने गोष्टी पात्रांभोवती फिरवल्या, नवख्या लोकांच्या स्क्रिप्टही वाचायला घेतल्या, रोनाल्ड मूर तसाच आत आला. आणि सीझनचा शेवट काय आहे! बोर्ग या अर्धे यंत्र असलेल्या शत्रूंनी आपल्यातलाच करून टाकलेला कॅप्टन पिकार्ड स्क्रीनवर, रायकर म्हणतो फायर, आणि एपिसोड तिथेच संपतो. अजून काटा येतो अंगावर.