टाचेतला थेंब आणि सत्तावन्नावी जागा

लहान मुलाला मधुमेह झाल्याचं कळलं की कुणीतरी हमखास विचारतं, ‘फार गोड खायचा का हो?’ आईच्या काळजात रुतणारा हा प्रश्न मुळातच चुकीचा आहे. मुलांमधला टाईप वन मधुमेह साखर खाल्ल्याने होत नाही. शरीराची संरक्षण यंत्रणाच स्वादुपिंडातल्या बीटा पेशींवर, म्हणजे इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींवर उलटते आणि हळूहळू त्या निकामी करत जाते. आणखी एक समज असा की हा आजार घराण्यातून येतो. प्रत्यक्षात नव्याने निदान होणाऱ्या दहापैकी जवळजवळ नऊ मुलांच्या जवळच्या नात्यात तो कुणालाच नसतो. त्यामुळे धोका आधी ओळखायचा, तर फक्त मधुमेही घरांत शोधून भागत नाही, सगळीच नवजात बाळं तपासावी लागतात.

रक्त घेणं तसं सोपं आहे. बाळाच्या टाचेच्या कडेला बारीक टोचतात आणि जाड गाळणकागदावर छापलेल्या वर्तुळांत थेंब टिपून घेतात. ही पद्धत रॉबर्ट गथ्री यांनी १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला फिनाइलकीटोन्युरिया या वेगळ्याच आजारासाठी रुळवली. वाळलेला तो तपकिरी डाग डीएनए काढायलाही पुरतो. त्या डीएनएमध्ये सगळ्यात आधी पाहायचं ते सहाव्या गुणसूत्रावर, एचएलए नावाच्या जनुकांच्या गटात.

आता माझ्या सगळ्यात आवडत्या भागाकडे वळतो. एचएलए-डीक्यू हे प्रथिन पेशीच्या पृष्ठभागावर उभं असतं आणि त्याच्या माथ्यावर एक खाच असते. पेशीने गिळून तुकडे केलेल्या प्रथिनांचा एखादा तुकडा त्या खाचेत बसतो आणि टी-पेशींना, म्हणजे संरक्षण यंत्रणेच्या पहारेकरी पेशींना, दाखवला जातो. हा आपला की परका, हे टी-पेशी त्यावरून ठरवतात. या खाचेची एक भिंत बीटा साखळीची असते. दोनशेहून अधिक अमिनो आम्लांच्या, म्हणजे प्रथिनाच्या मण्यांच्या, या साखळीत सत्तावन्नाव्या जागेवर कोण बसलंय, याला विलक्षण महत्त्व आहे. टॉड, बेल आणि मॅकडेव्हिट यांनी १९८७ साली हे दाखवून दिलं. तिथे अ‍ॅस्पार्टिक आम्ल असेल तर त्याचा ऋणभार समोरच्या अल्फा साखळीतल्या आर्जिनिनच्या धनभाराला धरून ठेवतो आणि खाचेचं ते टोक शांत राहतं. धोक्याच्या डीक्यू२ आणि डीक्यू८ या प्रकारांत तिथे अ‍ॅलॅनिन असतं. अ‍ॅलॅनिनवर भार नसल्याने आर्जिनिन मोकळं सुटतं आणि ऋणभार असलेले तुकडे त्या टोकाला ओढले जातात. म्हणजे खाच तीच, पण तिच्यात मावणारा माल बदलतो.

त्याचा मधुमेहाशी संबंध कसा लागतो? टी-पेशी थायमस ग्रंथीत तयार होतात. तिथे त्यांना शरीराचीच प्रथिनं दाखवतात आणि जी पेशी त्यांच्यावर धावून जाते, ती बाद होते. एक मांडणी अशी की या बदललेल्या खाचेत इन्सुलिनचे काही तुकडे सैल बसतात. ते नीट दाखवलेच जात नाहीत आणि इन्सुलिनवर डूख धरणाऱ्या टी-पेशी चाळणीतून निसटतात. आपोआप मधुमेह होणाऱ्या प्रयोगशाळेतल्या एनओडी जातीच्या उंदरांमध्येही नेमक्या त्याच जागी अ‍ॅस्पार्टिक आम्ल नसतं. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ नुसता बसून राहिलो होतो.

तरीही या एका जागेवरून बाळाचं भविष्य सांगता येत नाही. एका पालकाकडून डीआर३-डीक्यू२ आणि दुसऱ्याकडून डीआर४-डीक्यू८ (डीआर हे डीक्यूच्या शेजारचंच एचएलए जनुक) मिळालेल्या बाळाला सर्वाधिक धोका, आणि तोही साधारण वीसात एक. म्हणजे वीसपैकी एकोणीस मुलं निरोगीच राहतात. जुळी भावंडं अगदी एकसारखी असली तरी एकाला हा आजार झाला म्हणून दुसऱ्याला होतोच असं नाही. एचएलएबाहेरच्या डझनावारी जनुकांतले फरक मोजून आता एकत्रित गुणांक काढतात. त्याने अंदाज सुधारतो, पण हे गुणांक मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांच्या माहितीवर बेतलेले असल्याने इतरांना ते जसेच्या तसे लावणं धोक्याचं आहे. बाळाच्या जनुकांवरून त्याची बुद्धी, कल आणि आवड सांगतो म्हणून पैसे उकळणाऱ्यांना तर दारातूनच परत पाठवावं. लाखो बाळं तपासून, वर्षानुवर्षं मागोवा घेऊन जिथे ‘वीसात एक’ एवढंच म्हणता येतं, तिथे त्यांचे दावे हे शुद्ध ज्योतिष आहे.

मग तपासायचं कशाला? पुढे कुणावर नजर ठेवायची ते कळावं म्हणून. फिनलंडमध्ये १९९४पासून अशी तपासणी चालू आहे. ‘टेडी’ या अभ्यासात अमेरिका, फिनलंड, जर्मनी आणि स्वीडनमधली जवळजवळ सव्वाचार लाख नवजात बाळं तपासली गेली आणि त्यांतल्या ८,६७६ मुलांचा पाठपुरावा सुरू झाला. अशा मुलांच्या रक्तात इन्सुलिन, जीएडी, आयए-२ आणि झिंक ट्रान्सपोर्टर-८ या बीटा पेशींतल्या प्रथिनांविरुद्धच्या अँटिबॉडी, म्हणजे हल्ला सुरू झाल्याच्या खुणा, ठरावीक काळाने तपासतात. पहिली अँटिबॉडी अनेकदा वयाच्या दोन वर्षांच्या आतच दिसते. दोन किंवा अधिक प्रकारच्या अँटिबॉडी सापडल्या, तर दहा वर्षांत अशा सुमारे ७० टक्के मुलांत मधुमेह उघड होतो. साखर त्या वेळी अजून ठीक असते, पण आजार सुरू झालेला असतो.

ही आगाऊ सूचना फार मोलाची आहे. ती नसेल तर अनेक मुलं रक्त आम्लयुक्त होऊन, धापा टाकत, अर्धवट शुद्धीत रुग्णालयात पोचतात. नजरेखाली असलेल्या मुलांमध्ये हे प्रमाण बरंच कमी राहतं. टेप्लिझुमॅब या औषधाला २०२२च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. अँटिबॉडी असलेल्या आणि साखर बिघडू लागलेल्या, आठ वर्षांवरच्या रुग्णांमध्ये ते इन्सुलिन सुरू करण्याची वेळ साधारण दोन वर्षं पुढे ढकलतं. इटलीने २०२३मध्ये कायदाच करून मुलांच्या अँटिबॉडी तपासणीचा मार्ग मोकळा केला. आजार रोखणं मात्र अजून साधलेलं नाही. गायीच्या दुधातली प्रथिनं आधीच तोडून बनवलेली पावडर २,१५९ बाळांवर आजमावून पाहिली, आणि २०१८मध्ये कळलं की तिने काहीच फरक पडला नाही.

ज्या मुलांची तपासणी झालेली नाही, त्यांच्यासाठी खुणा जुन्याच आहेत. रात्री उठून पाणी मागणं, सुटलेली अंथरूण ओलं करायची सवय पुन्हा लागणं, खाऊनही वजन घटणं. यांतलं काही दिसलं, तर त्याच दिवशी बोटाच्या टोकावरच्या थेंबातून साखर पाहून घ्यावी. त्याला मिनिटभरही लागत नाही.